ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ : इंग्रजी वाक्प्रचार समजून घेण्याची एक पद्धत

एखादा इंग्रजीभाषक सहकारी हसत हसत 'आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग' असे म्हणाला, तर मराठी माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे पाय ओढतो तो हितशत्रू, वर चढणाऱ्याला खाली खेचणारा. इंग्रजीत मात्र या शब्दांचा अर्थ थट्टा करणे, काहीतरी खोटेच सांगून समोरच्याची गंमत पाहणे एवढाच आहे. अवयव तोच, क्रियाही तीच, अर्थ तेवढा दुसऱ्या गावचा.

इंग्रजी वाक्प्रचारांची धास्ती घेतलेले विद्यार्थी सहसा विचित्र दिसणाऱ्या प्रयोगांना घाबरतात. मला त्यांची भीती कमी वाटते, कारण जो वाक्प्रचार अजिबात कळत नाही तो वाचकाला थांबवतो आणि कोश उघडायला लावतो. ज्याचा अर्थ कळला असे वाटते, तो मात्र चुकीच्या अर्थासह आपल्याला निर्धास्तपणे पुढच्या वाक्यावर नेतो आणि चूक झाल्याची चाहूलही लागू देत नाही. म्हणून पुढील पायऱ्या ओळखणे, अंदाज बांधणे, पडताळणे, मराठीशी ताडून पाहणे, नोंदवणे आणि सर्वांत शेवटी वापरणे या क्रमाने मांडल्या आहेत. आपल्या शाळांत हा क्रम बहुधा उलटा असतो. वाक्प्रचार दिला की लगेच त्याचा वाक्यात उपयोग करायचा.

वाक्प्रचार आहे हे ओळखणे

पहिली खूण म्हणजे विषयाशी संबंध नसलेली वस्तू वाक्यात अचानक अवतरणे. कार्यालयीन बैठकीच्या वृत्तान्तात बर्फ, बंदूक, घेवड्याच्या बिया किंवा मांजर दिसले, तर ते शब्द शब्दशः घ्यायचे नाहीत हे ओघाने आलेच. 'ब्रेक द आइस' म्हणजे अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवणे, 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. येथे 'द' या उपपदाकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या बर्फाचा आधी कुठेही उल्लेख झालेला नाही, त्याला 'तो ठरावीक बर्फ' असे का म्हटले असेल, हा प्रश्न पडला की वाक्प्रचार पकडला गेला असे समजावे.

दुसरी खूण व्याकरणाची आहे. 'बाय अँड लार्ज' या प्रयोगात एक शब्दयोगी अव्यय आणि एक विशेषण 'अँड'ने जोडलेले दिसते, आणि शाळेत शिकलेल्या कोणत्याही नियमाने ही जोडी सुटत नाही. हा प्रयोग शिडाच्या जहाजांवरचा आहे. 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी जितके जाता येईल तितके जाणे, 'लार्ज' म्हणजे वारा मागून घेऊन जाणे. दोन्ही स्थितींत नीट चालणारे जहाज एकंदरीत चांगले, आणि म्हणून आज या शब्दांचा अर्थ 'एकंदरीत पाहता' असा होतो. भाषेत गोठून राहिलेले असे जुने व्याकरण दिसले, तर त्याचा पदच्छेद करत बसू नये आणि तो तुकडा अख्खा लक्षात ठेवावा.

तिसऱ्या प्रकारात मात्र कोणतीच खूण नसते. तेथे मांजर नाही, बर्फ नाही, फक्त पहिली-दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असलेले लहान लहान शब्द असतात, आणि सर्वाधिक गफलती तेथेच होतात. 'शी हॅज लेफ्ट पुणे फॉर गुड' या वाक्याचा अर्थ 'ती चांगल्यासाठी पुणे सोडून गेली' असा अनेकजण घेतात. प्रत्यक्षात ती कायमची गेली, एवढेच वाक्य सांगते. त्यात तिचे भले झाले की नाही याविषयी अवाक्षरही नाही. 'क्वाइट अ फ्यू' या शब्दांत 'फ्यू' असूनही अर्थ 'बरेच' असा आहे. 'ही इज द लास्ट पर्सन टू लाय' या वाक्यातला माणूस रांगेत शेवटचा नसून तो खोटे बोलणे शक्यच नाही अशा स्वभावाचा आहे.

'बट' या एका शब्दाच्या तीन जोड्या तर वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात. 'नथिंग बट' म्हणजे 'केवळ'. 'एनीथिंग बट' म्हणजे 'मुळीच नाही'. 'ऑल बट' म्हणजे 'जवळजवळ'. 'द एक्झाम वॉज एनीथिंग बट ईझी' असे असेल तर परीक्षा अवघड होती. 'द वर्क इज ऑल बट फिनिश्ड' असे असेल तर काम संपत आले आहे. या वाक्याचा 'सगळे झाले, पण संपले नाही' असा ओढूनताणून अर्थ लावणारा विद्यार्थी तर्काने चुकत नाही, आणि म्हणूनच त्याची चूक सहजी सुटत नाही. तशीच गोष्ट 'नो क्वेश्चन'ची. 'देअर इज नो क्वेश्चन दॅट ही विल रिझाइन' म्हणजे तो राजीनामा देणार यात शंका नाही. 'देअर इज नो क्वेश्चन ऑफ हिज रिझाइनिंग' म्हणजे त्याच्या राजीनाम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एका 'दॅट' आणि 'ऑफ'ने माणसाची खुर्ची जाते किंवा राहते.

याच गटात 'आय अॅम अफ्रेड' येते. 'आय अॅम अफ्रेड वी कॅनॉट एक्स्टेंड द डेट' असे लिहिणारा अधिकारी कोणाला घाबरलेला नसतो; तो सौम्य शब्दांत नकार देत असतो. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यात पुढे आदर येईल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण बहुतेक वेळा त्यानंतर स्पष्ट मतभेद येतो.

अंदाज कसा बांधावा

वाक्प्रचार ओळखल्यावर लगेच कोशाकडे धावू नये. आधी एवढेच ठरवावे की बोलणाऱ्याचा सूर अनुकूल आहे की प्रतिकूल, आणि वाक्यातून तो वाक्प्रचार काढून टाकला तर उरलेल्या जागी कोणता मराठी शब्द बसेल. हिंजवडीसारख्या ठिकाणी अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एखाद्या नव्या कर्मचाऱ्याला येऊ शकेल असा, या लेखासाठी रचलेला, एक छोटा ई-मेल पाहू.

'जस्ट अ हेड्स-अप. द क्लायंट इज गेटिंग कोल्ड फीट अबाउट द नवी डेडलाइन, सो लेट्स नॉट जंप द गन. कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर बाय फ्रायडे? वी विल टेबल द रेस्ट फॉर नाउ.' यातला 'नवी' हा मराठी शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. आपल्या कार्यालयांतले इंग्रजी असेच असते.

'हेड्स-अप' येथे वाक्याच्या सुरुवातीला एकटाच आला आहे आणि त्यानंतर एक बातमी आहे. त्यामुळे तो 'आधीच कानावर घालतो' अशा प्रकारचा असावा, आणि तो तसाच आहे. 'कोल्ड फीट' मुदतीविषयी आहे. मराठीतही भीतीने हातपाय गार पडतात, त्यामुळे ग्राहक कचरू लागला आहे हा अंदाज बरोबर ठरतो. इंग्रजी प्रयोगात मात्र भीतीपेक्षा ऐन वेळी मागे फिरण्याची छटा अधिक आहे. लग्नाच्या तोंडावर बिचकणाऱ्या नवऱ्यामुलासाठी तो हटकून वापरला जातो. पुढे 'सो' आहे, म्हणजे 'जंप द गन' हा आधीच्या बातमीचा परिणाम आहे. ग्राहक डळमळीत असताना काय करू नये, तर घाई. शर्यतीत इशाऱ्याची बंदूक उडण्याआधीच धावत सुटणे हे या प्रयोगाचे मूळ. 'बॉलपार्क फिगर'मध्ये 'फिगर' कळते आणि शुक्रवारपर्यंत हवी आहे हेही कळते, परंतु 'बॉलपार्क' हे बेसबॉलचे मैदान आहे हे माहीत नसलेल्याचा अंदाज तेथे अडतो. अर्थ 'ढोबळ आकडा'.

सर्वांत नाजूक शब्द शेवटी आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये 'टेबल' करणे म्हणजे चर्चेसाठी मांडणे. सभागृहाच्या पटलावर ठेवणे हा आपला मराठी प्रयोगही त्याच अर्थाचा आहे. अमेरिकेत तोच शब्द नेमका उलट अर्थाने, म्हणजे विषय बाजूला ठेवणे किंवा लांबणीवर टाकणे या अर्थाने वापरतात. ई-मेलमध्ये 'फॉर नाउ' हे दोन शब्द आहेत म्हणून अमेरिकी अर्थ ओळखता येतो. ते नसते, तर आपला कर्मचारी उरलेल्या सर्व मुद्द्यांची तयारी करून बैठकीला हजर झाला असता.

अंदाज बांधण्याचा हा खटाटोप वाया जात नाही. जो अर्थ आपण आधी शोधला आणि मग कोशात पडताळला, तो नुसत्या वाचलेल्या अर्थापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे. अंदाज चुकला असेल तर तो आणखीच पक्का बसतो.

कोशात कुठे आणि काय पाहावे

इंग्रजी-मराठी कोशापेक्षा या कामासाठी शिकणाऱ्यांकरिता तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश अधिक उपयोगी पडतो. या प्रकारच्या कोशांची परंपराच वाक्प्रचारांच्या अडचणीतून वाढली आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या नावातच 'इडियमॅटिक' हा शब्द होता. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो स्वीकारला आणि आजचा 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश त्यातूनच वाढला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

वाक्प्रचार सहसा त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली सापडतो. तेथे नसल्यास दुसऱ्या शब्दाखाली पाहावे. नोंदीत 'एसबी' आणि 'एसटीएच' अशी संक्षिप्त रूपे दिसतील. पहिल्याच्या जागी माणूस येतो, दुसऱ्याच्या जागी वस्तू किंवा गोष्ट. या दोन रूपांकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी अर्थ बरोबर शिकतो आणि वाक्य चुकीचे लिहितो.

अर्थाच्या आधी तिरप्या अक्षरांत छापलेली लहानशी खूणही अर्थाइतकीच महत्त्वाची असते. प्रयोग अनौपचारिक आहे, जुनाट आहे, ब्रिटिश आहे, विनोदी आहे की नापसंती दर्शवणारा आहे, हे ती सांगते. 'किक द बकेट' म्हणजे मरणे एवढेच पाठ केलेला मनुष्य शोकसंदेशात ते शब्द लिहून बसला, तर ते 'आपले वडील गचकल्याचे कळले' असे लिहिण्यासारखे होईल. शोकसंदेशात 'पास्ड अवे' लिहावे, जे आपल्या 'निवर्तले'च्या जवळ आहे. त्याउलट 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा आपल्या गाईडांमधला मानाचा गणपती आज इंग्रजीभाषकांच्या रोजच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतो. ते बहुधा साधे 'इट इज पोअरिंग' म्हणतात. परीक्षेपुरता तो ठाऊक असावा, वापरायची गरज नाही.

त्याच वाक्प्रचाराविषयी एक इशारा. गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून खाली पडत, म्हणून हा प्रयोग आला, अशी एक कथा फिरत असते. कोशकार ती मानत नाहीत. रंजक व्युत्पत्ती स्मरणासाठी खुशाल वापराव्यात, परंतु जी कथा फारच चपखल बसते तिच्यावर थोडा अविश्वास ठेवावा.

मराठीशी ताडून पाहताना

येथे थोडे अधिक थांबायला हवे, कारण मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे भांडवल आणि सर्वांत मोठा धोका दोन्ही येथेच आहेत. मराठी वाक्प्रचारांनी इतकी समृद्ध आहे की इंग्रजी शिकणाऱ्याला अर्धा रस्ता आधीच ठाऊक असतो. 'माय हँड्स आर टाइड' म्हणजे हात बांधलेले असणे, 'गिव्ह वन्स वर्ड' म्हणजे शब्द देणे, 'टर्न वन्स बॅक ऑन' म्हणजे पाठ फिरवणे, 'शोल्डर टू शोल्डर' म्हणजे खांद्याला खांदा लावून. 'इन ब्लॅक अँड व्हाइट' म्हणजे लेखी. आपण 'पांढऱ्यावर काळे' म्हणतो, फक्त रंगांचा क्रम उलटा. 'आय कान्ट स्टमक इट' असे म्हणणाऱ्याच्या ती गोष्ट पचनी पडत नाही. यांवर वेळ घालवू नये.

वेळ घालवावा तो फसव्या जुळ्यांवर. 'वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग' म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी झटकणे. बायबलमधल्या पिलाताने जमावासमोर हात धुऊन येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर नाही असे दाखवले, त्या प्रसंगावरून हा प्रयोग रूढ झाला. मराठीत मात्र वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा संधिसाधू असतो आणि हात धुऊन मागे लागणारा तर पिच्छा सोडत नाही. एक भाषा हात धुऊन मोकळी होते, दुसरी हात धुऊन गुंतते. 'कीप अॅन आय ऑन माय बॅग' या विनंतीत पिशवीकडे लक्ष ठेवा एवढेच म्हटलेले असते, तर मराठीत कोणाच्या पिशवीवर डोळा ठेवणाऱ्यापासून सावध राहावे लागते.

'शो वन्स हँड' हे आणखी एक उदाहरण. यातला 'हँड' हात नव्हे, तो पत्त्यांच्या डावात हाती आलेल्या पानांचा संच आहे; म्हणून अर्थ आपले बेत उघड करणे. मराठीत ज्योतिषाला हात दाखवतात, एसटीला हात दाखवतात, आणि एखाद्याला हात दाखवला म्हणजे त्याला इंगा दाखवला किंवा फसवले. यांपैकी एकही अर्थ इंग्रजी वाक्यात बसत नाही. 'हँड' शब्दाची आणखी दोन रूपे लक्षात असू द्यावीत. 'गिव्ह मी अ हँड' ही मदतीची विनंती आहे, परंतु 'गिव्ह हर अ बिग हँड' असे सूत्रसंचालक म्हणाला तर तिच्यासाठी जोरदार टाळ्या वाजवायच्या असतात. आणि 'अ शोल्डर टू क्राय ऑन' म्हणजे दुःखात आधार देणारा माणूस. त्याचे भाषांतर करताना घाईने 'त्याने मला खांदा दिला' असे लिहू नये. भाषांतराच्या कामात ही चूक मी स्वतः जवळजवळ केली होती.

काही वेळा अर्थ जुळतो आणि भाव जुळत नाही. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तोच दारात उभा राहिला, तर आपण 'शंभर वर्षे आयुष्य आहे तुम्हाला' म्हणतो. इंग्रजीत 'स्पीक ऑफ द डेव्हिल' म्हणतात. सैतानाशी तुलना झाली म्हणून रागावण्याचे कारण नाही, कारण तो प्रयोग पूर्णपणे खेळीमेळीचा आहे. तरीही साहेबांच्या किंवा सासऱ्यांच्या बाबतीत आपण तो वापरू नये हे बरे.

परभाषेतल्या वाक्प्रचारांशी झगडणारे आपणच पहिले नव्हे. जेम्स मोल्सवर्थ यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, किंवा त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती, उघडून 'हात' हा शब्द पाहावा. मराठी माणसाला जे वाक्प्रचार जन्मतः येतात, ते एका परक्या अभ्यासकाने एकेक करून किती चिकाटीने वेचले आहेत हे पाहिले, की आपल्या वहीचा आराखडाही आपोआप सुचतो.

खेळ, समुद्र आणि वाक्प्रचारांचा भूगोल

क्रिकेटमधून आलेले प्रयोग आपल्याला सोपे जातील असे वाटते, आणि 'ऑन द बॅक फूट' (बचावात्मक पवित्र्यात) किंवा 'अ स्टिकी विकेट' यांच्या बाबतीत ते खरेही आहे. खेळपट्ट्या झाकत नसत त्या काळात पावसानंतर उन्हात सुकणाऱ्या खेळपट्टीवर चेंडू कसा वागेल याचा नेम नसे, म्हणून 'स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीची परिस्थिती. परंतु 'द न्यूज नॉक्ड हिम फॉर सिक्स' हे वाक्य वाचून शिवाजी पार्कवर वाढलेला वाचक षटकाराचा आनंद मानील, तर तो चुकेल. येथे माणूस फलंदाजाच्या जागी नाही. तो सीमेपार भिरकावला गेलेला चेंडू आहे. बातमीने तो हादरून गेला. उलट 'बोल्ड ओव्हर' झालेला माणूस बाद न होता भारावलेला असतो. 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' हे दीर्घायुष्य भोगून गेलेल्या माणसाविषयी म्हणतात. जिवंत माणसाचा सत्कार करताना ते टाळावे.

अमेरिकी बोलण्यात क्रिकेटची जागा बेसबॉल घेतो, आणि तो खेळ आपण पाहत नसल्यामुळे त्याचे प्रयोग एकगठ्ठा शिकून घेणे सोयीचे आहे. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे, 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे जबाबदारी घ्यायला पुढे येणे, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेले. 'आय विल टेक अ रेन चेक' या वाक्यात पाऊसही नाही आणि धनादेशही नाही. पावसामुळे सामना रद्द झाला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी जी चिठ्ठी मिळे ती 'रेन चेक', म्हणून अर्थ 'आज नको, पुन्हा कधीतरी'.

रूप आणि रचना

वाक्प्रचारातले शब्द साधारणपणे बदलता येत नाहीत, पण हा नियम सर्वांना सारखा लागू नाही. 'बरी द हॅचेट' म्हणजे वैर मिटवणे. त्याचे कर्मणी रूप चालते. 'किक द बकेट'चे कर्मणी केले तर फक्त बादलीला लाथ बसते. ठरीव जोड्यांचा क्रमही पाळावा लागतो: 'सेफ अँड साउंड', 'प्रोज अँड कॉन्स', 'सिक अँड टायर्ड'. आपण भाकर-मीठ म्हणत नाही, मीठ-भाकरच म्हणतो, तसेच हे.

म्हणींच्या बाबतीत इंग्रजीभाषक आपल्यासारखेच आळशी आहेत. 'नाचता येईना' एवढे म्हटले की अंगण ऐकणाऱ्याने जोडायचे असते. तसेच ते 'व्हेन इन रोम' म्हणून थांबतात आणि 'तेथील लोकांसारखे वागावे' हे अध्याहृत राहते. 'द लास्ट स्ट्रॉ' ही तर उंटाची पाठ मोडणाऱ्या शेवटच्या काडीच्या म्हणीतली उरलेली काडी आहे. अर्धवट सोडलेले वाक्य निरर्थक वाटले, तर उरलेली म्हण शोधावी.

खरा अभ्यास क्रियापदांच्या जोड्यांवर करावा, कारण मांजरी आणि उंट महिन्यातून एकदा भेटतात, 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'टर्न डाउन' (नाकारणे), 'लुक इंटू' (चौकशी करणे), 'पुट अप विथ' (सहन करणे) हे मात्र दर परिच्छेदात. 'पुट ऑफ' केलेली बैठक पुढे ढकललेली असते, 'कॉल ऑफ' केलेली रद्द झालेली असते. सर्वनाम आले की जागेचा प्रश्न उभा राहतो: 'टर्न इट डाउन' बरोबर, 'टर्न डाउन इट' चूक, परंतु 'लुक आफ्टर हिम' बरोबर आणि 'लुक हिम आफ्टर' चूक. कोणती जोडी सुटते आणि कोणती सुटत नाही हे कोशातल्या उदाहरणावरूनच शिकावे.

वही

वर्णानुक्रमाने दोनशे वाक्प्रचारांची यादी पाठ करण्याचा मार्ग राज्य लोकसेवा आयोगाच्या किंवा बँकांच्या परीक्षेपुरता चालतो, कारण तेथे दिलेल्या पर्यायांतून अर्थ निवडायचा असतो. समज येण्यासाठी मात्र आठवड्याला तीन-चार वाक्प्रचार पुरेत, आणि तेही स्वतः वाचलेले किंवा ऐकलेले. प्रत्येक नोंदीत ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्य, कोण कोणाला कशा सुरात म्हणाले ते, आणि मराठीशी त्याचे नाते लिहावे. नात्यासाठी मी तीन खुणा वापरतो: जुळतो, फसवतो, मराठीत नाही. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने फक्त 'फसवतो' या खुणेच्या नोंदी चाळल्या तरी बहुतेक काम होते.

कानाचीही थोडी तयारी हवी. बोलताना वाक्प्रचारातले लहान शब्द गिळले जातात. 'बाय अँड लार्ज' हे 'बाय'न्लार्ज' असे, 'पीस ऑफ केक' (अगदी सोपे काम) हे 'पीसअकेक' असे कानी पडते. कोशाच्या संकेतस्थळांवर उच्चार ऐकण्याची सोय असते, तिचा उपयोग करून घ्यावा.

वापरण्याआधी

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणारे विद्यार्थी बोलण्याच्या परीक्षेत वाक्प्रचारांची पेरणी करतात, कारण वरच्या गुणश्रेणीच्या निकषांत कमी प्रचलित आणि 'इडियमॅटिक' शब्दसंपत्तीचा उल्लेख आहे. तेथे 'इडियमॅटिक'चा अर्थ त्या भाषेच्या वळणाचे बोलणे असा आहे. प्रत्येक उत्तरात एक म्हण असा नाही. 'टू बी ऑनेस्ट', 'इट डिपेंड्स', 'आय एन्डेड अप स्टेइंग' असे साधे प्रयोग योग्य जागी आले तर ते 'वन्स इन अ ब्लू मून' (अगदी क्वचित) यासारख्या प्रयोगापेक्षा अधिक नैसर्गिक वाटतात. एखादा प्रयोग किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांकडून आला असेल, तरच तो स्वतः वापरायला घ्यावा, आणि तोही आधी ओळखीच्या सहकाऱ्याशी बोलताना. अर्जात, तक्रारीत किंवा करारात नव्हे.

संभाषण चालू असताना एखादा वाक्प्रचार अडला, तर हसून मान डोलावणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे. अर्थ विचारावा, परंतु शब्द जपून निवडावेत. 'व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' हे आपल्याला साधा प्रश्न वाटतो. चढ्या सुरात तो 'असं म्हणायचंय तरी काय तुला?' असा ऐकू जातो. त्याऐवजी 'सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट वन बिफोर' असे म्हटले की समोरचा बहुधा अर्थही सांगतो आणि एखादे उदाहरणही देतो. ते उदाहरण त्याच दिवशी वहीत उतरवावे.